ॲक्सिलरेटरची केबल गरम का लागली?

हर्णैहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देतो.

‘आमची 2014 ची सहाचाकी गाडी मासळीच्या धंद्यात आहे. गाडी धाकटा भाऊ चालवतो, हिशोब मी बघते. पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने गाडी घराशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. ऑगस्टमध्ये बाहेर काढली आणि तेव्हापासून हा ताप सुरू झाला. कधी पहिल्या किल्लीला चालू होते, कधी नुसतं “टक्” करून गप्प. चालताना दिवे मध्येच मंद होतात, मीटरचे काटे उडतात. आधी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या, 22 हजार गेले. मग सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) खोलून भरला. मग बॅटरी चार्ज करणारा डायनामो बदलला. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. आता वायरमन म्हणतो अख्खं वायरिंग नवीन टाकू, 35 हजार होतील. भाऊ वैतागलाय, म्हणतो विकून टाकू. सध्या तो रात्री गाडी उतारावर लावतो आणि पहाटे तशीच सोडून चालू करतो. परवा क्लीनर सांगत होता की सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका देते, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. वायरिंग बदलू की गाडी विकू?’

ताई, दोन्ही नको. आणि त्या क्लीनरला माझ्यातर्फे चहा पाजा, कटिंग नको, पूर्ण कप. मेस्त्रींना जे मीटर लावून सापडायला हवं होतं, ते त्याच्या बोटांना सापडलं.

ॲक्सिलरेटरची केबल म्हणजे नळीत घातलेली पोलादी तार. एक टोक पेडलला, दुसरं डिझेल पंपाला. तिचा विजेशी काडीचा संबंध नाही. तरी ती तापते, म्हणजे तिच्यातून करंट वाहतोय, आणि तोही चटका बसण्याइतका. करंटला मूळ वाट मिळत नाही म्हणून तो या आडवाटेने निघालाय.

सेल्फला जाणारी लाल जाड केबल सगळ्यांना दिसते. परतीची वाट कुणी बघत नाही. सेल्फची बॉडी इंजिनाला बोल्टने आवळलेली असते. इंजिनापासून तांब्याची एक पट्टी चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला येते आणि चेसिसपासून काळी केबल बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून ही पट्टी. ती कुजली, तिचा बोल्ट गंजला, की सेल्फचा करंट मिळेल तिथून घरी जायला बघतो. ॲक्सिलरेटरच्या केबलमधून पेडलला, पेडलवरून केबिनला, केबिनवरून चेसिसला. कधी गिअरच्या रॉडमधूनही. पण बारीक तारेतून सेल्फपुरता करंट येणार कसा? म्हणून ‘टक्’ आणि गप्प.

सेल्फ जोर लावतो तेव्हा तीन-चारशे अँपिअर सहज खेचतो. एवढ्या करंटच्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला तरी 4 व्होल्ट तिथेच जिरतात. हा शंभरावा भाग आपल्या साध्या मीटरच्या ओहमच्या काट्यावर दिसतसुद्धा नाही. आणि केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटरचा बझर ‘पीं’ करून सगळं ठीक असल्याचं सांगतो. तुमच्या वायरमनने ‘अर्थिंग (म्हणजे हीच परतीची वाट) चेक केलं, बरोबर आहे’ असं सांगितलं असेल तर तो खोटं बोलला नाही. त्याने करंट वाहत नसताना बघितलं, एवढंच. नळ बंद असला की तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा असतो.

मी स्वतः या चुकीत तीन दिवस घालवले आहेत. एका चिरेवाहतुकीच्या गाडीला अगदी हेच दुखणं होतं. मीटर प्रत्येक जागी 25 व्होल्ट दाखवायचा आणि मी मालकाला सेल्फ बदलायला लावला. दोष होता बॅटरीच्या मेन स्विचच्या पोटात, आतला पत्रा जळालेला. सेल्फचे पैसे मी परत केले, पण त्यानंतर तो मालक माझ्याकडे आला नाही तो नाहीच.

आता हे तुमच्याच गाडीला का झालं? मासळीच्या गाडीच्या खाली एकदा वाकून बघा. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात माशाचं पाणी आणि मीठ मिसळतं आणि फळ्यांच्या फटींतून ते थेट चेसिसवर ठिबकतं. बहुतेक गाड्यांत बॅटरीची पेटी त्याच रेषेत असते. समुद्राची खारी हवा वरून आहेच. बंदीत 1 जून ते 31 जुलै गाडी हलली नाही, वर ताडपत्री, म्हणजे खाली ओल कोंडून राहिली. रोज चालणारी गाडी इंजिनाच्या उष्णतेने थोडी तरी सुकते, तुमची दोन महिने भिजत राहिली. तांब्यावर हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते ना, ती मिठाने खाल्लेल्या तांब्याची पूड असते. केबलच्या टोकाकडून खारं पाणी आवरणाच्या आत चढतं, तांबं काळं पडतं आणि बाहेरून केबल नवी कोरी दिसते. टोकापाशी दाबून बघा, फुगलेली किंवा कडक लागली तर आत सडली आहे.

आणि सेल्फ कधी लागतो, कधी नाही, हे गूढ नाही. गंजलेला बोल्ट गाडीच्या हादऱ्याने जरा सरकतो, धातूला धातू लागतो आणि काम होतं. नवा पार्ट बसवताना मेस्त्री चार केबली हलवतो, म्हणून प्रत्येक वेळी ‘चार दिवस बरी’ चालली. दिवे मंद होणं आणि काटे उडणं हे वेगळे आजार समजू नका. त्यांचा करंटही त्याच सडक्या जागेतून ये-जा करतो.

मोजमापाकडे वळण्याआधी एक गोष्ट आजपासूनच बंद करा, गाडी उतारावरून सोडून चालू करणं. सहाचाकी गाडीला हवेचे ब्रेक. रात्रभरात टाकीतली हवा उतरते आणि इंजिन बंद असताना नवी भरत नाही. स्टिअरिंगही जड. पहाटेच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर, खाली घरं असताना भाऊ एक अख्खा ट्रक जवळजवळ ब्रेकशिवाय सोडतोय. हे वाचून दाखवा त्याला. तापलेल्या ॲक्सिलरेटर केबलचंही तसंच आहे. आतलं प्लॅस्टिक वितळलं तर केबल अडकते आणि कशेडी घाटाच्या उतारावर पाय उचलला तरी रेस खाली येत नाही. दुरुस्ती झाली की ही केबल नवीच टाका, तिचे पैसे वाचवू नका.

आता मोजमाप. साधा डिजिटल मीटर पुरेल. भाऊ किल्लीवर, तुम्ही मीटरवर. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, बॅटरीवर पान्हा आणि धातू यांची गाठ पडली तर बोट भाजतं. गाडी सपाटीला, चाकाला दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची (पंपाचं डिझेल तोडणाऱ्या विजेच्या खटक्याची) वायर काढा, किंवा स्टॉपची दोरी असेल तर ओढून धरा. 2014 ची आणि आपल्याकडे घेतलेली म्हणजे गाडी बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या नियमाची असणार, पंप साधा. देशभर बीएस-4 आलं एप्रिल 2017 पासून, त्या बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक असतो आणि ही वायर काढण्याची युक्ती तिथे चालत नाही. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा आणि मध्ये मिनिटभर थांबा.

गाडी रात्रभर उभी असताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. नव्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे निम्मी उतरली. एक 12.6 आणि दुसरी 12.1 अशी तफावत आली तर भावाला विचारा की टेप आणि मोबाइल चार्जर कुठून जोडलाय. ट्रक 24 व्होल्टचा, टेप 12 चा, म्हणून पोरं एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती बॅटरी अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. वर्षभरात नवी जोडी बाद होते. 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली आखूड केबलही बघा, ती सगळे विसरतात.

मग मीटर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून लावा, एका बॅटरीच्या शेवटच्या पॉझिटिव्हपासून दुसरीच्या शेवटच्या निगेटिव्हपर्यंत, आणि भावाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरतोय आणि आकडा 19-20 च्या वर राहिला तर बॅटऱ्या निर्दोष. आकडा 24 च्या खाली फारसा सरकतच नाही आणि सेल्फ ‘टक्’ करून गप्प, तर करंट निघतच नाहीये, वाट बंद आहे. आकडा 14-15 वर कोसळला तर मात्र बॅटरी किंवा सेल्फ.

यानंतरचं मोजमाप तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, टर्मिनलवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर. लाल पिन इंजिनावर, रंग नसलेल्या कोऱ्या जागी. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपर्यंत दाखवला तर परतीची वाट चांगली. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे 5, 7, कदाचित 10 दाखवेल. तेवढे व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नाहीत. मग लाल पिन एकेक पायरी मागे आणा: इंजिन, चेसिसचा बोल्ट, काळ्या केबलचं टोक, बॅटरीचं टर्मिनल. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, चोर तिथे. दोष ऐन वेळी गायब असेल तर पट्टी हाताने हलवत मोजा. भाऊ तुमच्यासमोर उभा राहून ‘बघ, आत्ता लागतोय’ म्हणेल, तेव्हाही मोजा. सेल्फ फिरत असतानाही सडकी जागा एक-दोन व्होल्ट खातेच आणि आकड्यात दिसतेच.

लाल बाजूही तशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. तिथेही अर्धा व्होल्टच. सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन मोठ्या बोल्टांच्या मध्ये सेल्फ मारताना दोन-तीन व्होल्ट आले तर आतले तांब्याचे काँटॅक्ट जळलेत.

दुरुस्तीला खर्च फार नाही, पण आळस केला तर दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, जोडताना ते शेवटी. चेसिसवर पट्टी बसते तिथला रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. नुसता पान्ह्याने बोल्ट आवळून ‘टाइट केला’ म्हणणारा मेस्त्री दिसला तर त्याला तिथेच थांबवा. पट्टी नवीन, तांब्याची, किमान 50 चौरस मिलिमीटरची. लग, म्हणजे टोकाची बोल्टात बसणारी कडी, मशीनने दाबलेली हवी, हातोड्याने ठोकलेली नको. ठोकलेल्या लगमध्ये फट राहते आणि खारं पाणी पहिलं तिथेच शिरतं. दाते असलेला वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग सगळ्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड लेप. काळी टेप गुंडाळू नका. टेपखाली पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. शक्य असेल तर पट्टीची जागाच बदला, बॉडीतून ठिबक पडते त्या रेषेपासून लांब, चेसिसच्या आतल्या अंगाला. केबिनचीही एक छोटी अर्थिंग पट्टी असते, तीच वागणूक तिलाही. काटे उडण्यात तिचा हात असू शकतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. फेस येऊ द्या, पण हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. नंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा.

अख्खं वायरिंग बदलण्याचा विचार आता सोडून द्या. सेल्फचे तीन-चारशे अँपिअर हार्नेसमधून, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या बारीक वायरींच्या जुडग्यातून जातच नाहीत, ते या जाड केबलींतून जातात. हार्नेसमधून जाते ती फक्त किल्लीची छोटी आज्ञा. 35 हजारांचं नवं वायरिंग त्याच सडक्या पट्टीवर टेकलं असतं, आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहिलं असतं.

अर्थिंग झाल्यावरही कधीमधी दगा देईल का? देऊ शकते. मिठाने एकच जागा खाल्ली असेल याची खात्री नाही. म्हणून तुमच्या हिशोबाच्या वहीत एक पान या गाडीसाठी ठेवा. दगा दिला की वेळ, इंजिन गरम की थंड, पाऊस होता का, आवाज कसा आला आणि तेव्हा दिवे कसे होते, हे लिहायचं. भाऊ ‘सेल्फ घेत नाही’ एवढंच सांगेल, त्याला खोदून विचारा. कारण नुसत्या आवाजावरून निम्मी चौकशी होते. एकच ठसठशीत ‘टक्’ म्हणजे आज्ञा पोचली, करंट आला नाही. ‘टकटकटकटक’ अशी माळ लागली तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, तर किल्लीचा स्विच, स्टार्टचा रिले किंवा त्याची वायर. अशा वेळी सेल्फच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरवर 24 व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब टेस्ट लॅम्प म्हणून लावा. मीटरला फसवणारी सडकी वायर बल्बला फसवू शकत नाही, बल्ब करंट मागतो आणि मंद पेटतो. सेल्फ इंजिन फिरवतो पण इंजिन घेत नाही, हा वेगळा प्रकार. त्यात स्टॉप सोलेनॉइडला पुरेसे व्होल्ट मिळतात का आणि पंपाने हवा घेतली आहे का, ते बघायचं. गरम इंजिनावरच त्रास, थंडवर नाही, असं सलग चार नोंदींत दिसलं तर सेल्फच्या सोलेनॉइडकडे वळा, तापलेल्या कॉइलचा जोर कमी होतो.

सकाळी बॅटरी उतरलेली मिळते अशीही नोंद आली, तर रात्री काहीतरी करंट पितंय. निगेटिव्ह काढून मध्ये अँपिअर मीटर लावा. शंभर मिलिअँपिअरच्या खाली असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा आणि कुठे आकडा पडतो ते बघा. मीटर असा लावलेला असताना किल्लीला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर मीटर गेलाच.

यापुढे प्रत्येक खेपेनंतर चेसिस आणि बॅटरीची पेटी गोड्या पाण्याने धुवायची. बादली किंवा साधा पाइप. सर्व्हिसिंगचा जेट कपलरांवर, म्हणजे वायरींच्या जोडांवर मारायचा नाही, तो पाणी आत घुसवतो. त्याहून बरं म्हणजे बॉडीच्या तळाला पन्हळ लावून बर्फाचं पाणी एका पाइपने मागच्या चाकाच्या पलीकडे सोडायचं. एखादा वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढायला सांगा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या जागेशेजारीच लावायला लावा. पुढच्या वर्षी 1 जूनला गाडी उभी करताना निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटऱ्या चार्ज करा. आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याचा जो रिवाज आहे त्याने उलट बॅटरी उतरते, सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून निघत नाही. ताडपत्री बाजूने उघडी ठेवा. आणि उंदीर. पावसात ते गाडीत घर करतात आणि वायरचं आवरण कुरतडतात, जुलैअखेर टॉर्च घेऊन एकदा बघाच.

राहिला नवा डायनामो. इंजिन जरा रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा, 27.5 ते 28.5 हवेत. पण तुमचा जुना डायनामो खराब होता हे कुणी मोजून सांगितलं होतं, की नुसतं बदलून बघितला? सडक्या अर्थिंगमुळे चांगला डायनामोसुद्धा बॅटरीवर 26 च दाखवतो. तो अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडला असेल तर आजच मागून आणा. बहुतेक धडका असेल.